अण्णांच्या नाकावरचा कण

आमच्या घरी धुळीचा एक कण मुक्कामाला आला, आणि पहिल्या नऊ दिवसांत त्याची जितकी सरबराई झाली तितकी माझी जावई म्हणून आजवर कधीच झालेली नाही.

याचं मूळ सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनात आहे. सासरे म्हणजे अण्णा. कसबा पेठेत राहतात. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे माणसाकडे बघतानाही ते आधी चूक कुठे आहे ते शोधतात. (माझ्या बाबतीत त्यांना फार शोधावं लागत नाही.) एक्याऐंशी दिव्यांनी त्यांना ओवाळायचं ठरलं. हॉल ठरला, गुरुजी ठरले, आणि सासूबाई म्हणाल्या, "फोटोग्राफर तेवढा सांगायचा राहिलाय."

तेव्हा मी जिलबी खात होतो. तीच खात राहायला हवं होतं.

"फोटोग्राफर कशाला माई? घरचा माणूस असताना!"

अण्णांनी पेपर खाली केला. "घरचा माणूस कोण?"

"मी! नवीन कॅमेरा घेतोय ना."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांच्या त्या 'बरं'मध्ये पूर्ण प्रगतिपुस्तक असतं. "बघा हं जावईबापू. हा दिवस काही परत येणार नाही."

शनिवारी कॅमेरा कर्वेनगरला आमच्या घरी आला. नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावायचं, ही आमची पद्धत. मिक्सरला लावलं, स्कूटरला लावलं, वॉटर फिल्टरलासुद्धा लावलं. पण कॅमेऱ्याची पूजा मी जातीने केली. पाट मांडला, लेन्स काढून वेगळी ठेवली, दोघांना स्वतंत्र बोट लावलं, वर सढळ हाताने अक्षता टाकल्या.

"अहो, बाहेरूनच लावतात ते," मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "स्कूटरचं काय इंजिन उघडून हळदकुंकू लावलं होतं?"

"श्रद्धा हवी गं, आतपर्यंत."

(डोक्यावर पंखा चालू होता. पाचावर. एवढं लक्षात ठेवा.)

पूजा झाली. लेन्स बसवली. कॅमेऱ्याच्या मागे डोळा लावून बघायची जी छोटी खिडकी असते, ज्याला व्ह्यूफाइंडर म्हणतात, तिला मी डोळा लावला आणि मेधाकडे पाहिलं.

"तुला हनुवटीवर तीळ कधी आला गं?"

"बावीस वर्षं झाली लग्नाला! तीळ नाहीये मला!"

मी भिंतीकडे वळलो. घड्याळालाही तीळ. फ्रिजलाही तीळ. समोरच्या गच्चीवरच्या टाकीलाही तीळ! नव्याकोऱ्या कॅमेऱ्यात धूळ! समारंभ दहा दिवसांवर! डोळ्यांसमोर सरळ चित्र आलं: एक्याऐंशी दिवे, मधोमध अण्णा, आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका. प्रत्येक फोटोत. आल्बमभर!

त्या दिवसापासून घरात केर काढायला बंदी झाली. पंखे बंद. एप्रिलमध्ये! खिडक्या बंद. मेधाने गादीवरची चादर झटकली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की वरच्या मजल्यावरचे विचारायला आले. शेवटी लक्ष गेलं ते समोर चाललेल्या इमारतीच्या पाडकामाकडे. गुन्हेगार सापडला! मी थेट तिथल्या सुपरवायझरकडे गेलो.

"तुमच्या धुळीचा एक कण माझ्या कॅमेऱ्यात शिरलाय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकच?"

"हो. एक."

"मग पेढे वाटा साहेब. बाकीच्यांच्या घरात ट्रकभर गेलीय."

मी परत आलो आणि उपचार स्वतःच सुरू केले. लेन्स काढली, आत फुंकर मारली. फुंकरीबरोबर थोडं तोंडातलंही गेलं. ते पुसायला कापूस लावलेली काडी घातली. कापसाचा तंतू आत राहिला. तो उडवायला सायकलचा पंप आणला. पंपाने तंतू गेला नाही, उलट पंपातली पाच वर्षांची धूळ आत गेली. आता एका तिळाचे अकरा झाले होते! रोज सकाळी उठून मी ते मोजत होतो. मेधा म्हणाली, "अहो, लोक सकाळी रक्तदाब बघतात."

"तुला काय कळतंय? अण्णांचा दिवस आहे!"

"म्हणून तर म्हणते, फोटोग्राफरला फोन करू."

"आणि अण्णांना काय सांगू?"

ती चहा ठेवायला उठली. अण्णांना काय सांगायचं, हा प्रश्न आला की तिच्या माहेरीही सगळे चहाच ठेवायला उठतात.

नवव्या दिवशी मी शरण गेलो. कसब्यातल्या एका बोळात एक काका जुने कॅमेरे दुरुस्त करतात. दुकान इतकं लहान की गिऱ्हाईक आत आलं की काकांना पोट आत घ्यावं लागतं. टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा मी त्यांच्यापुढे ठेवला.

"आत धूळ आहे. अकरा कण. उद्या समारंभ आहे."

"फोटोत येतात?"

"येणारच ना!"

"येणार म्हणजे? काढून बघितलात का?"

"अजून एकही फोटो काढला नाही."

"का?"

"धूळ होती म्हणून."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कॅमेरा उचलून माझाच एक फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर दाखवला. माझा घाबरलेला चेहरा आला होता. स्वच्छ. एक डाग नाही!

"ही धूळ बघायच्या काचेवर आहे. ती दिसते आपल्याला. फोटोला तिचं काही नाही." त्यांनी लेन्स काढली, बारीक कुंचला आत फिरवला आणि पांढऱ्या कागदावर झटकला. कागदावर लाल पूड पडली.

"हे काय?"

मी खाली बघितलं. "कुंकू असावं."

"देवीला नेला होतात की देवीच आत आहे?"

दहा कण निघाले. अकरावा, म्हणजे मूळ पुरुष, हलेना. काका म्हणाले, "हा आपल्या थुंकीने पक्का बसलाय. ओढला तर काचेवर चरा पडेल. राहू दे. आणि आता आपण काही करू नका. फुंकर तर मुळीच नाही!"

समारंभाच्या सकाळी, केवळ धाकधूक म्हणून, मी कॅमेऱ्याला पुन्हा कुंकू लावलं. या वेळी बाहेरून, त्या छोट्या खिडकीभोवती. शहाणा झालो होतो ना!

हॉल भरला. दिवे लागले. अण्णा पाटावर बसले, सुना-लेकी ओवाळायला पुढे झाल्या. मी डोळा लावला. कण बरोब्बर अण्णांच्या नाकावर! तो फोटोत येत नाही, हे मला माहीत होतं. डोक्याला माहीत होतं. हाताला कोण सांगणार? हात आपोआप थोडा उजवीकडे सरकला. नाक सुटलं, कण कानावर आला. आणखी थोडा सरकलो. दोन तास मी घामाघूम होऊन कणाला अण्णांपासून दूर ठेवत होतो. जवळजवळ चारशे फोटो काढले. एकदाही कण अण्णांना शिवला नाही!

दुपारी जेवणं झाल्यावर घरच्या टीव्हीवर फोटो लावले. सगळे सरसावून बसले. पहिला फोटो: मधोमध हॉलचा कूलर, डाव्या कडेला अण्णांचा कान. दुसरा: कूलर, अर्धा कान. तिसरा: कूलर आणि एक हात. (कूलरचे फोटो फार सुंदर आले होते. प्रत्येक जाळी मोजता येत होती.) असे साठ फोटो झाले. माईंनी पदर डोळ्याला लावला, आणि मला वाटलं, जमिनीने दुभंगायला आता उशीर करू नये.

शेवटी अण्णा (मेधाने त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं) म्हणाले, "धूळ कुठे दिसत नाही हो जावईबापू."

"नाही ना!" मी म्हणालो.

"मीही दिसत नाही."

माईंनी पदर खाली घेतला तेव्हा कळलं, त्या हसत होत्या. त्यांनी आपला जुना फोन पुढे केला. अंगठा अर्धवट मध्ये आलेला एकच फोटो होता. दिव्यांच्या मधोमध अण्णा, आणि चक्क खळखळून हसणारे! अण्णांना असं हसताना मेधानेसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. ते बघत होते उजव्या कोपऱ्यात. तिथे मी होतो. कॅमेरा नुकताच डोळ्यावरून काढलेला, आणि बाहेरून लावलेलं सगळं कुंकू भुवईपासून नाकापर्यंत गोल उमटलेलं.

तो फोटो मोठा करून आता कसब्यातल्या बाहेरच्या खोलीत लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "आणि हे कोपऱ्यात काय आलंय?"

अण्णा पेपरातून मान वर न करता सांगतात, "काही नाही, धूळ आहे. बावीस वर्षं पुसतोय, निघत नाही."