चाकाला ताप हाय

उलट्या हातानं चाक बघायचा तो. आई लेकराच्या कपाळाला लावते तसा पंजा उलटा करून चाकाजवळ न्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ताप हाय."

तुम्ही उमापूरकडून कधी जुनी गाडी घेऊन गेला असाल, तर तुमच्याही गाडीची नाडी त्यानं बघितली असणार. सगळे त्याला नुसतं मिस्तरी म्हणायचे. त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर गाडी थांबली की मालक बोनेट उघडायला धावायचा, आणि हा चार चाकांना प्रदक्षिणा घालायला निघायचा. "इंजनावर आळ घेऊ नका. आधी तिचा पाय कुणी धरलाय का ते बघा."

नाक तर असं, की लिंबागणेशला कुणाचा ब्रेक घासला तर याला उमापुरात शिंक यायची. मधे किती कोस आहेत ते मोजू नका, मीही मोजले नाहीत. एकदा एका जीपच्या तापल्या चाकावर त्यानं पाणी शिंपडलं, तर त्या वाफेवर शेजारच्या हॉटेलवाल्यानं दोन ताटं इडली काढली. मी स्वतः खाल्ली. ग्रीसचा वास होता, पण मऊ होती.

उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, हा त्याचा कायदा. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जाताना कुणी दारातल्या गाडीचा हँडब्रेक ओढून गेला, की परत येईपर्यंत चाक जाम. म्हणून मिस्तरी प्रत्येकाला चाकाखाली लावायला एक दगड द्यायचा आणि हरवू नये म्हणून लोखंडाला लावतात तो तांबडा रंग त्याला फासायचा. एका गावात गाडी गेली आणि दगड रस्त्याकडेला राहिला. तिसऱ्या दिवशी त्याच्यापुढं नारळ फुटलेला. मिस्तरी दगड आणायला गेला, तर बायकांनी त्याला आधी चप्पल काढायला लावली. गडी प्रसाद घेऊन परत आला.

आमच्या दारात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पांढरी गाडी होती. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, त्यामुळे सगळे लाड तिचे. नजर अधू झाल्यावर आबांचं चालवणं सुटलं, पण रोज सकाळी ते आत जाऊन बसायचे, स्टिअरिंग पुसायचे, एकदा हॉर्न वाजवायचे आणि मगच चहा घ्यायचे. त्या हॉर्नवर गल्लीतली कोंबडीसुद्धा उठायची, कोंबडा तर कधीच रिटायर झालेला.

पण वर्षभर गाडी ओढेना. चढावर मागून बैलगाडीवाला विचारायचा, जाऊ का पुढं? इंजिन गेलं, असं मीच जाहीर केलं आणि भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी चार वाजता बोलावलं. त्या सकाळी हॉर्न वाजला नाही. दुपारी मी मिस्तरीला घरी घेऊन आलो.

त्यानं मला वेशीपर्यंत गाडी पिटाळायला लावली, ब्रेक जेवढा टाळता येईल तेवढा टाळून. परत आल्यावर उलटा हात फिरला. तीन चाकं थंड. मागच्या डाव्यापाशी त्यानं डोळे मिटले. "ह्याला ताप हाय बे."

जॅकवर उचललेल्या त्या चाकाला मी लोंबकळलो, तरी ते फिरेना. मिस्तरीनं ब्रेकच्या तेलाचा नट जरा सैल केला. दोन थेंब पडले, चाक तसंच. तेलाच्या दाबानं धरलेलं नाही म्हणाला, आणि खाली सरपटत जाऊन हँडब्रेकची केबल सोडवली. चाक गरगर फिरलं. केबल ओढून ओढून ताणलेली, आतून गंजून अडकलेली. हँडब्रेक खाली केला तरी चाक धरलेलंच राहायचं. नवी मिळेपर्यंत त्यानं ती सोडूनच ठेवली.

"पण एवढा कुणी वडला? मी तर जरासाच वडतो," मी म्हणालो.

"आबा, बसा आत. स्टिअरिंग धरा," मिस्तरी म्हणाला.

आबा बसले. स्टिअरिंग पुसलं. आणि विहिरीतून घागर ओढावी तसा दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. केबल नव्हतीच, दांडा मोकळाच वर आला. आबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रोज वडतो की मी," ते हळूच म्हणाले. "गाडी जाऊ नये कुठं म्हणून."

मिस्तरी पाना पुसत राहिला. "पावसाचं पानी शिरलं हो आबा, त्याला कोन काय करनार?" मग पिशवीतून त्यानं तांबडा दगड काढला आणि आबांच्या मांडीवर ठेवला. "आता वडायचं काम न्हाई. ह्याची जिम्मेदारी तुमची. पोराला देऊ नका, त्याला इंजन आन ब्रेकातला फरक कळत न्हाई."

चार वाजता भंगारवाला आला तेव्हा आबा हॉर्नवर हात ठेवून बसले होते. हॉर्न ऐकून त्याचा टेम्पो असा बिचकला की पुन्हा चालूच होईना. आम्हीच तो दोरानं बांधून स्टँडपर्यंत ओढत नेला. इंजिन गेलेल्या गाडीनं.

मिस्तरी मागच्या वर्षी गेला. तेराव्याला त्याच्या शेडसमोर जुन्या गाड्यांची अशी रांग लागली की शेवटची पार पुढच्या गावात उभी होती. प्रत्येक चाकाखाली एक तांबडा दगड. माणसं उतरत होती आणि आपापल्या चाकाला उलटा हात लावून बघत होती. मीही लावला. थंड होतं.

आबांनी वाकून आमचा दगड नीट सरकवला, पुन्हा आत जाऊन बसले आणि एकदा हॉर्न वाजवला. मग पुढच्यानं वाजवला, मग त्याच्या पुढच्यानं. लिंबागणेशपर्यंत ऐकू गेला म्हणतात. कोस मोजू नका.