लाल लुगड्याची डीव्हीडी

आमच्या शेरीनच्या लग्नात एकही माणूस भरभर चालत नाही. प्रत्यक्षात सगळे भरभरच चालले होते, उशीर झाल्यामुळे काही जण तर चर्चपर्यंत चक्क धावले होते. पण त्या लग्नाची फिल्म मी केली, आणि मला हळू चालणारी माणसं फार आवडतात.

मी भूगोलाचा मास्तर. नकाशावर नदी दाखवता दाखवता तिच्याबरोबर समुद्रापर्यंत वाहत जायची मला जुनी खोड आहे. (मुलं शांत बसून राहतात. तास संपला की मला हाक मारतात.) असल्या माणसाच्या हाती एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुणी देऊ नये. मलाही कुणी दिलं नव्हतं, मीच अंगावर ओढवून घेतलं.

त्याला कारण भुईगावची फिलूआत्या, माझ्या बाबांची धाकटी बहीण. शेरीन तिची एकुलती एक नात. लग्न नंदाखालला, आणि आत्या दहा दिवस आधी विहिरीपाशी घसरून मांडीचं हाड मोडून पडलेली! मांडवाच्या दिवशी शेरीन आत्याचं लग्नातलं लाल लुगडं नेसली होती. पन्नास वर्षं पेटीत जपलेलं ते लुगडं नातीच्या अंगावर कसं दिसलं, एवढंच आत्याला बघायचं होतं. शेरीन निरोप घ्यायला आली ती जीन्स घालून, आणि लुगडं बॅगेत भरून नवऱ्याबरोबर परदेशी गेली. मोबाइलमधली माणसं आत्याला मुंग्यांएवढी दिसतात. फोटोग्राफर म्हणाला, कॅसेटला तीन महिने लागतील.

"तीन महिन्यांनी मी असेन का रे?" आत्या म्हणाली.

म्हातारं माणूस असं बोललं की माझं तोंड सुटतं. "आत्या, मी पण शूटिंग केलंय ना! येत्या रविवारी तुझ्या टीव्हीवर लग्न लावतो की नाही बघ!"

बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉप उघडला. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं, खाली भंगारवाला ओरडत होता, आणि मी फादरांचा आशीर्वादाचा हात हळू केला. आणखी हळू केला. अहाहा! तो हात वर जाऊन खाली येईपर्यंत माझा चहा गार झाला. मग फुलं उधळणाऱ्या पोरी हळू केल्या. एकेक पाकळी अशी तरंगत होती की मीही खुर्चीतून चार बोटं वर आलो असेन. बँडवाल्यांचे फुगलेले गाल हळू, केक हळू, माझी स्वतःची पंगतीतली एन्ट्री तर सगळ्यांत हळू.

"लग्न एका दिवसात लागलं," माझी बायको लोर्ना म्हणाली, "तुझ्या सिनेमात ते पुढच्या वर्षी लागणार!"

शुक्रवारी मी डिस्क घेऊन भुईगावला गेलो. आत्याच्या जुन्या प्लेअरने ती गिळली, तो दोनदा कण्हला आणि त्याने ती बाहेर ढकलली. घरी येऊन पाहतो, तर मी सिनेमा एक्स्पोर्टच केला नव्हता! डिस्कवर होती फक्त प्रोजेक्टची फाइल, कुठला तुकडा कुठे लावायचा त्याची नोंद. जेवायला बोलावून मी आत्याच्या पानात किराण्याची यादी वाढली होती.

मग सगळे तुकडे जोडून एक्स्पोर्ट लावलं. चार तास! टक्के चढत होते आणि मी स्वप्नात माझ्याच सत्काराला गेलो होतो, शाल खांद्यावर पडतच होती. शनिवारी ती नवी डिस्क नेली. प्लेअर पुन्हा कण्हला.

"राहू दे रे पोरा," आत्या म्हणाली. "नशिबात नसेल माझ्या."

हे मात्र मला लागलं. मी तडक कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानाच्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही नुसती फाइल कॉपी केलीत. जुन्या प्लेअरला ती कळत नाही. डीव्हीडी ऑथर करावी लागते, म्हणजे प्लेअरला कळेल अशी बांधावी लागते. त्यासाठी वेगळा प्रोग्राम असतो, त्यात मेनू पण करता येतो."

मेनू! म्हणजे सिनेमाआधीचं पान. मागे एक छोटी चित्रफीत फिरत राहते, खाली 'लग्न पाहा' असं बटण असतं. रिमोटने ते दाबलं की सिनेमा सुरू. माझ्यातला कलावंत पुन्हा तरंगायला लागला.

रविवारी सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर लोर्नाने विचारलं, "लुगड्याचा सीन चांगला आलाय ना?"

"तो कापला," मी म्हणालो. "मांडवात उजेड फार पिवळा होता."

"अरे, म्हातारी तेवढ्यासाठीच जीव टाकतेय! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

पुन्हा एक्स्पोर्ट म्हणजे पुन्हा चार तास, आणि संध्याकाळी भुईगावला पोचायचं. शेवटी शेरीनचा तो वीस सेकंदांचा तुकडा मी मेनूच्या मागे टाकला आणि डिस्क उतरवली.

आत्याकडे रोझरीच्या प्रार्थनेला जमलेल्या दहा-बारा बायका ती संपली तरी हलल्याच नव्हत्या. मी डिस्क घातली. प्लेअर कण्हला नाही! पडद्यावर मांडव आला, आणि पिवळ्या उजेडातून लाल लुगड्यातली शेरीन हळूहळू चालत आली, वळली, पदर सावरून हसली. आणि पुन्हा मांडवातून येऊ लागली.

"आत्या, रिमोट?"

"तो तुझ्या काकांच्या पेटीत."

"कुठाय पेटी?"

"अरे, त्यांच्या शवपेटीत! जन्मभर हातातून सोडला नाही, मग मरताना मी कशाला काढून घेऊ? हातात रोझरीची माळ दिली, खिशात रिमोट. डिस्क घातली की आपोआप लागतं, रिमोट हवाय कशाला?"

मी प्लेअरवरचं प्लेचं बटण दाबायला गेलो. ते आत रुतून बसलेलं. शेरीन तिसऱ्यांदा आली.

"आली बघ माझी बाय!" आत्या म्हणाली आणि रडायला लागली. बायकाही डोळे पुसू लागल्या. शेरीन आली, वळली, हसली. दहाव्या खेपेला निऱ्या कशा बसल्यात यावर चर्चा झाली, पंधराव्या खेपेला शेरीनचं हसू कुणाचं यावर. बाहेर माडांच्या सावल्या लांबत गेल्या, आणि घरातली सगळी माणसं माझ्याच फिल्ममधली असल्यासारखी हळू झाली.

माझा मात्र जीव वरखाली होत होता. "आत्या, अगं, हा सिनेमा अजून सुरूच…"

लोर्नाने असा चिमटा काढला की पुढचं वाक्य मी गिळलं. दंड चांगला लाल झाला.

तासाभराने आत्याने माझा हात धरला. "देव तुझं भलं करो! लोकांच्या कॅसेटीत नुसती जेवणं आणि पाहुणे. तू फालतू काही ठेवलंच नाहीस. फक्त ती खालची अक्षरं काढ रे, लुगड्याची किनार झाकते."

परवा तिच्या शेजारणीने मला गाठलं. मुलीचं लग्न ठरलंय म्हणे. "शूटिंग तूच कर. पण फिलूच्या घरी दाखवलंस तेवढंच हं! उगाच वाढवत बसू नकोस."