आबांचा ठोका आणि हरवलेला टर्की

गेल्या मंगळवारी सकाळी साडेसहाला कुरवंडे गावात आमच्या घरामागच्या बांधावर उभी राहून मी ब्लूटूथ स्पीकरवर घुबडाचा आवाज लावला होता... तोही फुल व्हॉल्यूममध्ये. तब्येत ठणठणीत होती, डोकंही ठिकाणावर होतं. पण त्याआधीचं प्रकरण सांगायला हवं.

आमच्या शेजारी मावशी आणि आबा हे वयस्कर जोडपं राहतं. भातशेती, दोन म्हशी आणि जावयाने हौसेने आणून दिलेला एक टर्की कोंबडा. आबांना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. आता सगळा दिवस पडवीतल्या खाटेवर जातो.

रोज सकाळी जाग आली की आबा डाव्या हाताने काठी उचलतात आणि पडवीच्या पत्र्यावर एक सणसणीत ठोका देतात. खुराड्यातून टर्की लगेच उत्तर देतो... गुडगुडगुडगुड! आबा हसतात आणि मग चहा पितात. मला हा म्हातारपणीचा पोरखेळ वाटायचा.

रविवारी माझ्या मैत्रिणी पुण्याहून आल्या होत्या. त्यांना टर्कीसोबत फोटो हवा होता, म्हणून खुराड्याचं दार मीच उघडलं... मावशींना न विचारता. एकीचा कुत्रा भुंकत धावला आणि टर्की थेट कुंपणावरून पलीकडे! इतका जाडजूड पक्षी उडू शकतो, हे मला तेव्हाच कळलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही करवंदाच्या जाळ्या पालथ्या घातल्या, ज्वारी टाकली, हाका मारल्या. काही उपयोग झाला नाही. आमच्याकडे बिबट्या येऊन जातो, रानमांजरं तर नेहमीचीच... त्यामुळे वेळ फार नव्हता. मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

सोमवारी सकाळी पत्रा वाजला नाही. "आज काठी हातातच घेतली न्हाई त्यांनी. भाकरीबी तशीच ठेवली," मावशी म्हणाल्या. मी घरूनच काम करते, पण त्या दिवशी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये काय चाललंय ते काहीच कळत नव्हतं.

मग मी नेटवर शोधलं. परदेशात रानटी टर्कीच्या शिकारीला जाणारे लोक आधी त्याचा ठावठिकाणा काढतात, आणि त्यासाठी टर्कीचा नाही, तर घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढतात. अचानक मोठा आवाज झाला की नराला राहवत नाही, तो ओरडतो आणि आपणच आपला पत्ता देतो. आपल्याला शिकार करायची नव्हती, पण युक्ती कामाची वाटली.

म्हणून मंगळवारची ती सकाळ. आधी कावळा लावला, तर गावातले सगळे कावळे डोक्यावर जमा झाले. मग घुबड... एकदा, दोनदा, दहा वेळा. दरीच्या बाजूने एका मोराने उत्तर दिलं, टर्कीचा पत्ता नाही.

तेवढ्यात मावशी पदर खोचून बांधावर आल्या. दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "अगं ताई, घरात माणूस अंथरुणाला खिळलंय आन तू दारात घुबड वरडवतीस व्हय? बंद कर आदी ते!"

शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहताना हे माझ्या मनातही आलं नव्हतं. घुबडाचं ओरडणं आपल्याकडे काय समजतात हे मला काय माहीत नव्हतं का? स्पीकर बंद करायचा तर घाईत बटणच सापडेना, घुबड आपलं घुमतंच आहे...

आणि पडवीतून ठोका आला. खाण्णकन. आबा घुबडाला हुसकावत होते.

त्याच क्षणी आमच्या पाठीमागून... गुडगुडगुडगुड!

मावशी आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. घुबड कसंबसं बंद केलं. मावशी पडवीकडे तोंड करून ओरडल्या, "अवो, आजून एकदा हाना!" पुन्हा ठोका, पुन्हा गुडगुड. आबा ठोका देत राहिले आणि आम्ही उत्तराच्या दिशेने चालत राहिलो, मध्ये थांबत, कान देत. दोन दिवस मी नुसता आवाज करत होते, गप्प राहून ऐकलं नव्हतंच.

शेजारच्या बंद बंगल्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून महाराज बसले होते. आमच्या घरापासून शंभर पावलांवर! आम्ही दरीत शोधत होतो. बंगल्याच्या वॉचमनने गेट उघडलं, मावशींनी गोणपाट टाकून त्याला धरलं. एक पंख थोडा खरचटला होता, बाकी तोरा कायम.

मावशींनी त्याला खाटेजवळ नेलं. आबांनी डाव्या हाताने त्याची पाठ चाचपली, बराच वेळ. माफी मागायला मी समोर उभी होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टाने, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "दार... लाव."

मावशी हसता हसता रडायला लागल्या. मीही.

आता खुराड्याची कडी मी जाता-येता तपासते. आणि पोरखेळ हा शब्द मागे घेतला आहे... त्या ठोक्यावरूनच मावशींना गोठ्यात कळतं की आबा उठले, बरे आहेत. परवा पत्रा वाजायला जरा उशीर झाला, तर मी खिडकीत चहाचा कप धरून तशीच उभी राहिले. ठोका आला, उत्तर आलं... मग पहिला घोट घेतला.