शेषगिरीची शंका थांबली तेव्हा

आमच्या कन्नड मुलखातल्या शहरात, शिवरामपेठेत, शेषगिरीचं शिवणकामाचं दुकान आणि माझं फोटोफ्रेमचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीवरही त्याचा विश्वास नाही. मी खिळा ठोकला की तो बाहेर येऊन विचारतो, "काय रे वेंकटेशा, आरपार केलास की काय?" गॅसचं सिलिंडर तो दोन हातांनी उचलून बघतो, दूध उकळायच्या आधी वास घेतो आणि रिक्षात बसला की रस्त्यापेक्षा मीटरकडे जास्त बघतो. तीस वर्षं मी त्याच्या शंकांचं शेजारपण भोगतोय. चिडतोही. पण माणूस सरळ आहे. कापड उरलं तर वीतभर तुकडासुद्धा गिऱ्हाइकाच्या हातात परत ठेवतो.

त्याची मुलगी अमूल्या कडकोळच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. दोन वर्षांपूर्वी तिला डोंगर चढायचं वेड लागलं. रविवार आला की भुवन नावाच्या तरुणाच्या गटाबरोबर ती कुठल्या ना कुठल्या 'बेट्टा'वर, म्हणजे डोंगरावर. भुवन जुन्या मराठा शिपायांच्या घराण्यातला. घरी मराठीच बोलणारा, पण आमच्या शिंप्यांच्या आळीतला नव्हे. शेषगिरीच्या मनात पाल चुकचुकायला एवढं पुरेसं होतं.

"डोंगर बघायला जाते म्हणते," तो मला म्हणाला. "डोंगर काय पळून जातो होय दर आठवड्याला बघायला? कुठेतरी पाणी मुरतंय."

"मग तिलाच विचार की."

"विचारलं तर काय सांगणार? मांजर डोळे मिटूनच दूध पितं."

शेवटी आश्विनातल्या एका रविवारी कोडगूमधल्या ताडियंडमोळच्या डोंगरावर जायचं ठरलं, तेव्हा शेषगिरीने मुलीला सांगून टाकलं की मीही येतो. अमूल्याचा चेहरा उतरला. त्याच्या बायकोने, वसंतावहिनींनी, कपाळाला हात लावला. आणि एकट्याने गेलं तर हेरगिरी दिसेल म्हणून त्याने मलाही ओढलं. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्याच्यापुढे कुणाचं चाललंय?

पहाटे मिनीबस येलवाल मागे टाकून हुणसूरकडे निघाली, तसा भुवन उठून उभा राहिला. शांत, सावळा, जेमतेम तिशीतला पोरगा. कन्नडमध्ये सगळ्यांना आणि मग आम्हाला मराठीत म्हणाला, "दुपारी वर ढग येतात. पाऊस, वारा, कधी वीज पण. बारा वाजता आपण जिथे असू तिथून मागे फिरायचं. शिखर हातभर राहिलं तरी मागे. कॉटन घातलं असेल तर बदला. ओलं कॉटन अंगाला धरून बसतं, गारठा काढतं. आणि उपाशी कोणी चढायचं नाही. नाश्ता झाला ना सगळ्यांचा?"

"झाला," शेषगिरी सगळ्यांच्या आधी म्हणाला. मग माझ्या कानात, "कॉटन वाईट म्हणे! चाळीस वर्षं कापड हाताळतोय मी. ह्या पोराला जॅकेटवाल्याकडून कमिशन असणार. आणि बारालाच मागे कशाला? नंतर खाली कुणाबरोबर बसायचंय?"

त्याने स्वतः शिवलेला जाड सुती सदरा घातला होता, आत सुती बनियन. भुवनने जादाचं जॅकेट पुढे केलं तर त्याने अस्तर चिमटीत धरून पाहिलं आणि परत दिलं.

चढ सुरुवातीला बरा होता. जंगल, ओढा, मग उघडा गवताळ माथा. शेषगिरी पुढच्या दोघांवर नजर ठेवून चालत होता. अमूल्या आणि भुवन एकमेकांपासून इतके लांब चालत होते, की मलाही संशय यायला लागला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

गवतावर पोचलो आणि पश्चिमेकडून ढग आला. आधी धुकं, मग आडवा पाऊस, आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येईना. दूर कुठेतरी गडगडलं. बारा वाजले नव्हते, तरी भुवनने हात वर केला.

"मागे! उघड्यावरून खाली, झाडीकडे. एकमेकांना सोडू नका."

"शिखर आता आलंच की!" शेषगिरी ओरडला. त्याचे दात वाजत होते. "आता कशाला मागे? ह्यात काहीतरी आहे!"

तो वाद घालतच दहा पावलं वर गेला. अमूल्याने हाताला धरून त्याला वळवलं. उतरताना तो तिच्यावर, भुवनवर आणि माझ्यावर तणतणत होता. मग हळूहळू त्याचा आवाज बंद झाला. मला बरं वाटलं, खरं सांगतो. सुटलो एकदाचे, म्हटलं.

एका खडकाच्या आडोशाला थांबलो. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. तो वाकला आणि त्या नाडीशी खेळत राहिला. सुईत दोरा ओवणारी बोटं, पण गाठ जमेना. मी खिशातून चिक्की काढून दिली. कुठल्या दुकानातली, कधीची, गूळ कसला, हे काही न विचारता त्याने ती घेतली आणि नुसतीच हातात धरून उभा राहिला. दात वाजायचेही थांबले होते.

मी मुद्दाम त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, "शेषगिरी, हा पोरगा फसवतोय बघ आपल्याला."

"असू दे," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

असू दे! ह्या माणसाच्या तोंडून! जन्मात हा शब्द मी त्याच्याकडून ऐकला नव्हता. मी बोंबललो, "भुवन! इकडे ये! ह्याचं काहीतरी बिघडलंय!"

भुवन धावत आला. त्याचे डोळे बघितले, मान चाचपली. "अंकल, सकाळी काय खाल्लं?"

शेषगिरी त्याच्याकडे बघून मंद हसला. अमूल्या एकदम रडवेली झाली. "आज एकादशी! अय्यो, अप्पांचा निर्जळी उपास असतो. पाणीसुद्धा नसेल घेतलं."

एकादशी मला बायको सांगते तेव्हाच कळते. इथे हा बाबा मुलीवर पाळत ठेवण्यासाठी खोटं बोलून, रिकाम्या पोटी डोंगर चढला होता. मला रागही आला आणि माझी पाचावर धारणही बसली.

खाली झाडी सुरू होत होती तिथे भुवनने आम्हाला नेलं आणि ताडपत्री बांधली. शेषगिरीचा ओला सदरा, बनियन, सगळं काढलं. भुवनने पिशवीच्या तळातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला स्वतःचा कोरडा लोकरी शर्ट काढून त्याला घातला, डोक्याला टोपी घातली. गटातला एकजण हात चोळायला पुढे आला, तर भुवनने त्याला थांबवलं. "चोळू नका. नुसती ऊब द्या." एका बाजूने मी आणि एका बाजूने तो, असे आम्ही शेषगिरीला चिकटून बसलो. अमूल्या थर्मासमधलं गुळाचं गरम पाणी घोट घोट पाजत होती.

"विठोबाला सगळं कळतं, अप्पा. प्या. अरे भुवन, ह्यांचे पाय झाक की! बघत काय बसलायस?"

बऱ्याच वेळाने शेषगिरीला पुन्हा थरथर सुटली. मी घाबरलो, पण भुवन म्हणाला, "हे चांगलं आहे काका. अंग जागं होतंय." मग पाऊस ओसरल्यावर, गडगडाट लांब गेल्यावर, दोन्ही बाजूंनी धरून आम्ही त्याला पायथ्याच्या एका घरी आणलं.

त्या घरच्या बाईने चुलीपाशी चटई टाकली, पेज दिली. शेषगिरी ती पीत होता आणि मी त्याचा चेहरा बघत होतो. हळूहळू त्याची नजर स्थिर झाली. ती भिंतीवर फिरली, भांड्यावर फिरली आणि शेवटी स्वतःच्या मनगटावर आली. त्याने भुवनच्या शर्टाची बाही उलटली. बटण अंगठ्याने हलवून पाहिलं, मागची बाजू चुलीच्या उजेडात धरली.

"हे बटण कंपनीत लावलेलं नाही," तो म्हणाला.

अमूल्याने पटकन भुवनकडे पाहिलं.

"गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवलीय. खाली तीन वेढे. आमच्या दुकानाबाहेर हे कोण करत नाही." त्याने मान वर केली. "अमूल्या, हे तू लावलंस."

माझा जीव भांड्यात पडला. शंका परत आली म्हणजे माणूस परत आला. मला हसावं की रडावं कळेना. भुवन मात्र खाली मान घालून बसला होता.

"हो अप्पा," अमूल्या म्हणाली. "आम्हाला लग्न करायचंय. वर्ष झालं ठरवून."

आता भडका उडणार म्हणून मी सावरून बसलो. पण शेषगिरीने बाही सरळ केली. आवाज अजून कापत होता.

"विजा पडतात तिथे जातेस. वाऱ्यात जातेस. तिथे भीती वाटत नाही. आणि मला सांगायला एवढी भीती वाटली?"

"तुमचीच जास्त वाटली अप्पा," ती म्हणाली आणि रडायला लागली. "डोंगरावर काय करायचं ते भुवनने शिकवलंय. तुमच्यापुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं."

ह्या उत्तरावर त्याने शंका घेतली नाही. त्याने उरलेली पेज बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळला.

"वेंकटेशा, तू पण घाबरतोस काय रे मला?"

खोटं कशाला सांगू? मी हो म्हणालो.