सूत्राला न दिसणारं वजन

१९९३ साली जळगावच्या एका केळी संघात पितांबर चौधरी एकटाच प्रोग्रॅमर होता. काही अडलं तर विचारावं असं गावात कुणीच नव्हतं. घडाच्या वजनातून दांडा वजा करण्याचं सूत्र संघातल्या कारकून कुंदाबाई पडद्यावर टाइप करत. चालू प्रोग्रॅम ते वाचून उत्तर काढी. पण आठ दिवस प्रोग्रॅम ‘वजन सापडत नाही’ असं दाखवून थांबत होता. सोमवारपर्यंत जमलं नाही तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा वहीवर हिशेब करायचं मॅनेजरांनी ठरवलं होतं.

शनिवारी पितांबरला चूक कळली. त्यानं वजन प्रोग्रॅमच्या एका भागापुरतंच राखलं होतं. बाहेरून टाइप केलेल्या सूत्राला ते दिसतच नव्हतं. एक शब्द बदलला आणि उत्तर आलं.

“कुंदाबाई, सापडलं!”

“एका शब्दासाठी आठ दिवस, भाऊ?” त्या हसल्या आणि यावलची बस गाठायला निघून गेल्या.

पितांबरनं तेच सूत्र पुन्हा एकदा चालवलं, स्वतःलाच दाखवायला.