गिरणीतली गिटार

माझ्या सत्तावीस वर्षांच्या मास्तरकीत शेणवे गावातल्या माझ्या गिरणीवाल्या मित्राइतका वाईट विद्यार्थी मला भेटला नाही, आणि त्याच्याइतकं पक्कं शिकलेलाही दुसरा कोणी भेटला नाही. नव्वदच्या दशकात मी तिथल्या शाळेत गणित शिकवायचो आणि त्याच्या पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत भाड्याने राहायचो. कॉलेजात असताना कल्याणला शिकलेली थोडीफार गिटार सोबत होती. तो गावच्या भजनी मंडळाचा पेटीवाला. अंगावर तांदळाच्या पिठाचा थर कायमचा, त्यामुळे पस्तिशीतला हा माणूस दुपारी साठीचा दिसायचा आणि आंघोळीनंतर पुन्हा तरुण व्हायचा. कान असा की जगातली प्रत्येक वस्तू त्याला कुठल्या ना कुठल्या पट्टीत ऐकू यायची. शहापूरची एस.टी. चढाला लागली की डोळे मिटून म्हणायचा, "पांढरी चारला आली, आता गियर टाकेल," आणि ड्रायव्हर खरोखरच टाकायचा. शेजाऱ्यांची म्हैस दोन पट्ट्यांच्या मधोमध ओरडते अशी त्याची कायमची तक्रार होती, आणि ती विकून टाका असं त्याने त्यांना दोनदा सुचवूनही पाहिलं होतं.

मंडळाचे बुवा म्हणजे त्याचे सासरे, गावातच राहायचे आणि लेकीकडे जेवायचे. त्यांचा आवाज आणि ह्याची पेटी ऐकायला मुरबाडकडची माणसंसुद्धा यायची. एका वर्षी बुवांचं वय झालं, आवाज वर जाईना. त्यांनी जावयाला सांगितलं की काळी चारची उंच पट्टी आता झेपत नाही, खालच्या काळी दोनवर घे. हा म्हणाला, माझ्या वडिलांच्या काळापासून मंडळाची पट्टी काळी चारच आहे, ती उतरणार नाही. शब्दाला शब्द वाढला. बुवा म्हणाले, मग पेटीवाचून गाऊ. ह्याने पेटी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि पुन्हा हात लावणार नाही म्हणून देवळाच्या पायरीवर जाहीर केलं. तेव्हापासून वहिनींनी त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलायचं ठरवलं. एका बाजूला बाप, एका बाजूला नवरा. त्या बिचाऱ्या दोघांच्याही ताटात मीठ कमी घालू लागल्या.

पेटीवाचून हाताला चैन पडेना तेव्हा तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "मास्तर, मला हे तुमचं गिटार शिकवा." मला वाटलं, पेटी वाजवणाऱ्याला काय अवघड आहे, सूर ओळखतो, बोटं तयार आहेत. माझी ती समजूत पहिल्याच दिवशी मोडली. पेटीवर डावा हात भाता मारतो, तो त्याच्या रक्तातच भिनलेला. गिटारची तार दाबायची सोडून डावा हात मागे-पुढे, मागे-पुढे होत राही आणि त्याच्या मांडीवर माझी गिटार पाळण्यासारखी झुलत राही. तो हात बांधून ठेवता येईल का, असंही त्याने मला मनापासून विचारलं. दुसरी अडचण अशी की एकच सूर गिटारवर चार-पाच ठिकाणी सापडतो. हे कळल्यावर तो दोन दिवस माझ्याकडे फिरकलाच नाही. पेटीवर सा जिथे असतो तिथेच असतो, सकाळी गेलं तरी असतो आणि संध्याकाळी गेलं तरी असतो. ह्या बाईचा सा मात्र घरोघर फिरतो, असं त्याचं म्हणणं होतं. तिसऱ्या आठवड्यात तारांनी बोटांची टोकं सोलली. घट्टे पडले तेव्हा मात्र तो दळण घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला ते दाखवू लागला. बायकांना वाटलं गिरणीच्या पट्ट्यात बोट सापडलं, आणि त्यांनी घरून हळद आणून दिली.

सगळं फिरलं ते एका रविवारी. मी त्याला एकाच तारेवर एक साधी चाल वाजवून दाखवली. मग हात तसाच ठेवून गिटारच्या दांड्यावरची पाच घरं खाली सरकवला आणि तीच चाल पुन्हा वाजवली. म्हटलं, बघा शेठ, चाल तीच, अंतरं तीच, फक्त सुरुवात खालून. त्यानेही तार दाबून हात तसाच सरकवून पाहिला. मग उठून दार लोटून आला आणि माझ्यासमोर बसला.

"मास्तर, कोणाला सांगू नका. मला काळी चारशिवाय येत नाय."

मी गिटार बाजूला ठेवली.

"वडलांनी एवढीच शिकवली. ते गेले, मग दुसरी कोणाला विचारणार? बुवा म्हणाले काळी दोन घे, तर बोटं कुठं ठेवायची तेच कळेना. परंपरा-बिरंपरा काय नाय. लाज वाटली."

मी त्याला कागदावर आकडे मांडून दिले. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या गिटारच्या घरांसारख्या ओळीने मोजायच्या, मधलं एकही घर सोडायचं नाही. माझं गणित आयुष्यात एवढंच कामी आलं असावं. तो आधी गिटारवर चाल सरकवून ऐकायचा, मग तीच पेटीवर शोधायचा. पेटी माळ्यावरून उतरली, पण गिरणी चालू असतानाच वाजायची, म्हणजे आवाज बुवांपर्यंत जाऊ नये. गिरणी चालू राहावी म्हणून तो एकच दळण दोनदा दळायचा, त्यामुळे त्या दोन महिन्यांत गावाने इतकं बारीक पीठ खाल्लं की भाकऱ्या थापता थापता फाटायच्या. बायका भांडायला यायच्या आणि हा घामाघूम होऊन पेटीवर बोटं मोजत बसलेला असायचा.

वैशाखरे गावी हरिनाम सप्ताह होता. मंडळाला बोलावणं होतं. मी आणि तो एस.टी.ने मागाहून गेलो, पेटी त्याच्या मांडीवर. बुवा पखवाज लावून घेत होते. हा न विचारता त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसला, भाता उघडला आणि काळी दोनचा सा धरला. बुवांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. सगळं मंडळ टाळ धरून थांबलं होतं. मग बुवांनी डोळे मिटले आणि आवाज सोडला, आणि तो मोकळा, भरलेला आवाज देवळाबाहेर चपला सांभाळत बसलेल्या माणसांपर्यंत गेला. मध्ये एकदा ह्याचं बोट चुकलं, तर बुवांनी तीच ओळ पुन्हा घेतली, जणू त्यांनाच ती पुन्हा गायची होती. जेवायला बसल्यावर ते जावयाला एवढंच म्हणाले की हात हलका झालाय तुझा.

पुढे माझी बदली मुरबाडला झाली. गिटार मी त्याच्याकडेच ठेवून आलो. बुवा गेल्याचं कळलं तेव्हा दिवसकार्य होऊन गेल्यावर भेटायला गेलो. तो सांगत होता की शेवटच्या वर्षांत बुवांचा आवाज एकेक पट्टी उतरत गेला आणि हा त्यांच्यामागे एकेक पट्टी शिकत गेला. शेवटी ते अंथरुणावर पडून नुसतं बोलल्यासारखं गायचे, तरी हा पेटी घेऊन जवळ बसायचा.

"बाराच्या बारा बसल्या हातात," तो पेटीवरचं पीठ पुसत म्हणाला. "आता मागणारं कोणी नाय."

वहिनी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि खाली बघूनच म्हणाल्या, "पांढरी पाच घ्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने त्यांना गाताना ऐकलं नव्हतं, मीही नाही. त्याने भाता उघडला आणि सा धरला. वहिनींचा आवाज बापाचाच होता, फक्त बाईचा. दळण घेऊन आलेली एक म्हातारी दारातच डबा खाली ठेवून उभी राहिली, आणि गिरणी कधी चालू होणार, हे तिने विचारलं नाही.