बेदियाको आणि खोटं बोलणारी डिस्क

बेदियाको, हे पत्र तुला आहे, पण आपल्या आबोआसो गावातल्या चार जणांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. बाजारात गारी, म्हणजे कसाव्याचा रवा, विकणारीच्या मागे उलट्या क्रेटवर बसून तू परदेशांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर जिवंत करतोस. शाळेत माझ्याकडे गणितात दोनदा नापास झालास, तेव्हापासून आकड्यांना वचकून असतोस. डिस्क हातात आली की आधी तिच्या लेबलवरचा आकडा खडूनं भिंतीवर लिहायचा, मगच तिला हात लावायचा, हा तुझा नेम.

त्या दिवशी मोडलास. माझ्यामुळे.

नाना, आपले राजे, गावाला गेले होते. राजा मेला असं आपल्यात कुणी म्हणत नाही; राजवाड्यातून जाहीर होईपर्यंत तो गावालाच गेलेला असतो, महिनोन्‌महिने. राणीमातेची पत्रं मी टाइप करायची, त्यामुळे अंत्यविधीचा मसुदा माझ्याच कॉम्प्युटरवर. एका सकाळी तो माझ्या नावानं, मला न विचारता, माझ्या ओळखीच्या चाळीस जणांना ईमेलनं जाऊन पोचला. मी धावत तुझ्याकडे आले. तू मला मामे म्हणतोस, आईला म्हणावं तसं.

"व्हायरस आहे, मामे. काय काय बाहेर गेलं?"

"पाककृती. लवकर कर."

"पाककृतीसाठी एवढा घाम?"

"तोंड आवर, हात चालव."

तू डिस्क पुसलीस, सगळं नव्यानं भरून दिलंस. मसुदा मी पुन्हा टाइप केला नव्हता. आणि आठव्या दिवशी तोच मसुदा, त्याच चाळीस जणांना! पुसलेल्या डिस्कवरून! राणीमातेनं बोलावून घेतलं. "एकदा होते ती चूक, मास्तरीणबाई. दुसऱ्यांदा होते ती चहाडी." माझ्या हातातले कागद काढून घेतले. छत्तीस वर्षं शिकवलं मी या गावाला, कुणी मला चहाडखोर म्हटलं नव्हतं.

मग तू खडू उचललास. लेबलवर पाचशे जीबी, कॉम्प्युटर म्हणतो चारशे ऐंशी.

"मामे, ही खोटं बोलतेय. वीस लपवलेत हिनं. मी मूर्ख, हिनं दाखवलं तेवढंच पुसलं."

हुकूम देऊन तू तिला खरी हद्द कबूल करायला लावलीस. लपलेल्या भागात तो व्हायरस बसला होता आणि त्याच्या उशाशी माझ्या प्रत्येक कागदाची नक्कल. सगळ्यात वर मसुदा, नानांच्या नावासकट. तू झटकन मान फिरवलीस.

"मी काही वाचलं नाही. पाककृती मला कळत नाहीत."

पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत तू शून्यं भरलीस, मग सबंध डिस्क परत वाचून पाहिलीस. शून्याशिवाय काही नाही. पण माझ्या नावावरचा डाग?

"राजवाड्यावर येतो मी," तू म्हणालास. "सांगतो, मामेचं तोंड नव्हतं, डिस्क होती."

"आत्ता कसं सांगशील? काय फुटलं ते उच्चारावं लागेल. नानांचं जाहीर होऊ दे."

जाहीर झालं. नवे नाना गादीवर बसून दुसरं वर्ष चालू आहे. राजवाड्यावर रिकाम्या हातानं जात नाहीत म्हणून नजराण्याच्या दारूची, श्नॅप्सची बाटलीही मी आणून ठेवली. पण तू गेलास तर आधी न मोजता पुसलं हे तुला कबूल करावं लागेल, आणि मी गेले तर तुला पाककृती सांगितल्या हे मला. फोन केलास की तू कोनफळाचं पीक विचारतोस, मी तुझ्या बायकोचा खोकला. बाटली कपाटात तशीच आहे, सील न फोडलेली.